न उघडणाऱ्या डिस्क-इमेजचे निदान

१

मराठीच्या अभ्यासकांनी १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत जी भाषिक सामग्री संगणकावर उतरवून घेतली, तिचा बराचसा भाग आज एका चमत्कारिक अवस्थेत आहे. बोलींच्या शब्दसूची, कोशांच्या नोंदी, हस्तलिखितांच्या नकला ही सामग्री त्या काळी युनिकोडमध्ये टंकित होत नसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली हे खरे. परंतु मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय झाली ती विंडोज २००० पासून. तोपर्यंत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, ज्या त्या फाँटची ज्याची त्याची संकेतनपद्धती असाच व्यवहार होता. अशा फाइलीत वर्णाचा संकेत साठविलेला नसतो, वर्णाच्या आकाराचा साठविलेला असतो. फाँट, त्याचा कळफलक आणि ती दोन्ही ज्या कार्यप्रणालीवर चालत ती कार्यप्रणाली, ही तिन्ही अंगे एकत्र असली तरच तो मजकूर मजकूर म्हणून दिसतो. एरवी रोमन अक्षरे व चिन्हे ह्यांचा निरर्थक पसारा तेवढा दिसतो.

जुना संगणक बंद पडला की हे त्रिकूट मोडते. ते टिकविण्याचा एक मार्ग म्हणजे जुन्या संगणकाची हार्ड डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत उतरवून घेणे आणि ती फाइल व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आभासी यंत्रात, चालविणे. आभासी यंत्र हा वस्तुतः एक प्रोग्राम होय. तो संगणकाचे सोंग आणतो, आणि त्याच्या पोटात चालणाऱ्या कार्यप्रणालीला आपण खऱ्याच यंत्रावर आहोत असे वाटत राहते. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ती १९६० नंतरच्या दशकातच अवतरली होती, आणि १९७२ मध्ये तिला व्हीएम/३७० ह्या नावाने व्यापारी रूपही मिळाले. मेजावरच्या संगणकावर ती रुळली १९९९ पासून, व्हीएमवेअरच्या प्रोग्रामामुळे. आभासी यंत्राची हार्ड डिस्क म्हणून जी फाइल वापरली जाते तिला डिस्क-इमेज म्हणतात. एखाद्या विभागाची वीस वर्षांची बोलीसामग्री अशा एकाच फाइलीत सामावलेली असू शकते. आणि मग एके दिवशी ती फाइल उघडत नाही.

ह्या प्रसंगी ध्यानात घ्यावयाची मुख्य गोष्ट अशी की, इमेज न उघडणे आणि इमेज नष्ट होणे ह्या दोन अगदी भिन्न घटना आहेत. पहिली घटना वारंवार घडते, दुसरी क्वचित. परंतु पहिलीचे दुसरीत रूपांतर करण्याचे सामर्थ्य घाईने केलेल्या दुरुस्तीत असते. पोथीचे पहिले पान गळाले म्हणून पोथी गेली असे कोणी समजत नाही. तसेच, त्या पानावर काय असावे हे अंदाजाने ठरवून कोणी मूळ पोथीत शाईने लिहीतही नाही. डिस्क-इमेजच्या बाबतीत मात्र जाणते लोकही हे दुसरे कृत्य सर्रास करताना आढळतात.

२

म्हणून निदानाचा प्रारंभ प्रतीपासून व्हावयास पाहिजे. मूळ फाइलींना हात न लावता त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर करावी, दोहोंचा एसएचए-२५६ हा गणिती ठसा काढून तो तंतोतंत जुळतो हे पाहावे, आणि पुढील सर्व प्रयोग नकलेवरच करावेत. मूळ फाइल ज्या डिस्कवर आहे तीच खराब होत चालली असेल, वाचताना अडखळत असेल, तर नेहमीच्या पद्धतीने नक्कल करू नये. जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन अशा वेळी उपयोगी पडते. ते आधी सुवाच्य भाग उचलते, अडणारे भाग मागाहून पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि कोणता भाग मिळाला व कोणता नाही ह्याचा नकाशा स्वतंत्र फाइलीत लिहून ठेवते.

नक्कल करावयाची ती संपूर्ण फोल्डरची. येथे एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिचा स्वतंत्र उल्लेख करणे अवश्य आहे. व्हीएमवेअरच्या एका मांडणीत डिस्क दोन फाइलींत विभागलेली असते. एक फाइल अवाढव्य असून तिच्या नावात ‘फ्लॅट’ हा शब्द येतो. दुसरी जेमतेम एखाद्या किलोबाइटची. संगणक बदलताना मनुष्य स्वाभाविकपणेच मोठी फाइल उचलतो आणि किलोबाइटभराची फाइल क्षुल्लक म्हणून मागे टाकतो. ती क्षुल्लक फाइल म्हणजे वर्णनपत्र असते. आभासी यंत्र उघडते ते त्या वर्णनपत्रालाच. मोठ्या फाइलीतील एकही बाइट हरवलेला नसतो, तरी यंत्र ‘डिस्क सापडत नाही’ असे सांगते.

नक्कल हाती आल्यावर पहिला प्रश्न असा की, नकार नेमका कोण देत आहे. डिस्क-इमेज ही एकात एक ठेवलेल्या करंड्यांसारखी असते. सर्वांत बाहेर यजमान संगणकाची फाइल. तिच्या आत इमेजच्या विशिष्ट प्रकाराची चौकट. तिच्या आत विभाजन-तक्ता व फाइल-व्यवस्था. आणि सर्वांत आत विंडोज वा अन्य कार्यप्रणाली. प्रत्येक थराचा नकार निराळा असतो व निराळ्या शब्दांत येतो. ह्यासाठी यंत्राने दिलेला संदेश शब्दशः उतरवून घ्यावा. ‘काहीतरी एरर येते’ हे निदानाच्या दृष्टीने विधानच नव्हे. आभासी यंत्र सुरू होऊन त्यात विंडोज एक्सपीचा निळा पडदा व ७बी ह्या अंकाने संपणारा संकेत दिसत असेल, तर इमेज उघडली आहे हे सिद्धच झाले. तेथे बहुधा आभासी डिस्क ज्या जोडणीवर लावली ती जोडणीच बदललेली असते. आयडीईवर वाढलेली कार्यप्रणाली साटा किंवा स्कझीवर नेऊन बसविली की ती आपलीच डिस्क ओळखत नाही. जोडणी पूर्ववत केली की काम होते. त्यासाठी इमेजमध्ये काहीही ‘दुरुस्त’ करावयाचे कारण नाही.

३

इमेज खरोखरच उघडत नसेल, तर तिची ओळख पटविणे ही पुढची पायरी. फाइलीच्या नावामागील प्रत्ययावर विश्वास ठेवू नये, कारण तो कोणालाही बदलता येतो आणि पुष्कळदा कोणीतरी बदललेलाही असतो. खरी ओळख असते ती फाइलीच्या आरंभीच्या, क्वचित अखेरच्या, बाइटांत. युनिक्स कुळातील कार्यप्रणालींत ‘फाइल’ नावाची आज्ञा ह्या खुणा वाचून प्रकार सांगते; एरवी कोणत्याही षोडशांश-दर्शकातून त्या डोळ्यांनीच वाचता येतात.

ह्या खुणा भाषाभ्यासकाला विशेष रंजक वाटाव्यात अशा आहेत, कारण त्यांचे स्वरूप हस्तलिखितातील पुष्पिकेसारखे आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय प्रकाराच्या फाइलीत आरंभीच एक सरळ वाचता येण्याजोगे इंग्रजी वाक्य असते, आणि त्यात निर्मात्याचे नाव येते. जुन्या फाइलींत ते इन्नोटेक असे आहे, त्यापुढच्यांत सन, आणि २०१० नंतरच्यांत ओरॅकल. एका कंपनीकडून दुसरीकडे गेलेल्या प्रोग्रामाचा इतिहास प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर असा नोंदलेला आहे, आणि त्यावरून इमेजचा काळ अदमासे ठरविता येतो. व्हीएचडी प्रकाराचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. हा प्रकार मायक्रोसॉफ्टचा म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु त्याची खूण ‘कनेक्टिक्स’ ह्या आठ रोमन अक्षरांची, मूळ नावातील एक ‘एन’ गाळून लिहिलेली आहे. कनेक्टिक्स ही त्याची मूळ निर्माती कंपनी. तिचे हे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये विकत घेतले, पण खूण तशीच राहिली. व्हीएमडीकेच्या विरळ प्रकाराच्या फाइलीत खूण ‘केडीएमव्ही’ अशी उलट्या क्रमाने दिसते. हा लेखनदोष नसून संख्येतील कमी मूल्याचा बाइट आधी लिहिण्याच्या रूढीचा परिणाम आहे. क्यूकाऊ२ प्रकारात ‘क्यूएफआय’ ही तीन अक्षरे व त्यांपाठोपाठ एक अवाचनीय बाइट येतो.

व्हीएचडीच्या बाबतीत खूण कोठे असते हे निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. स्थिर आकाराच्या व्हीएचडीमध्ये ती आरंभी नसतेच. डिस्कची सर्व सामग्री संपल्यानंतर ५१२ बाइटांची एक तळटीप असते, तिच्यात ती असते. त्यामुळे नक्कल करताना फाइलीचे शेपूट जरी तुटले, तरी यंत्र सबंध फाइल नाकारते. वास्तविक आधीची सामग्री जवळजवळ पूर्ण असते. अशी फाइल ‘रॉ’, म्हणजे निव्वळ बाइटांची ओळ, समजून वाचली की आतील विभाजन-तक्ता सापडतो. विस्तारशील व्हीएचडीमध्ये तळटीपेची एक प्रत आरंभीही ठेवलेली असते. तेथे एकीवरून दुसरी सिद्ध करता येते.

शेपूट तुटण्याचे एक कारण आकड्यावरून ओळखता येते. फॅट३२ पद्धतीने सिद्ध केलेल्या पेन ड्राइव्हवर कोणतीही फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी असू शकत नाही. इमेजचा आकार नेमका हाच किंवा त्याच्या अगदी लगतचा आढळला, तर ती वाहतुकीत कापली गेली हे जवळजवळ निश्चित मानावे व मूळ स्थानी पूर्ण फाइल शिल्लक आहे काय ह्याचा शोध करावा. ह्या शोधाआधी दुरुस्तीच्या साधनांना हात घालणे व्यर्थ आहे, कारण जे बाइट आलेच नाहीत ते कोणतेही साधन परत आणू शकत नाही.

क्यूकाऊ२ मध्ये एक निराळीच अडचण संभवते. तेथे सामग्री सामान्यतः ६५,५३६ बाइटांच्या तुकड्यांत ठेवलेली असते, कोणता तुकडा कोठे आहे हे दोन पातळ्यांच्या सूचींवरून कळते, आणि प्रत्येक तुकड्याला किती ठिकाणांहून संदर्भ आहे ह्याची तिसरी नोंद असते. वीज गेल्यामुळे यंत्र अकस्मात बंद पडले तर ह्या नोंदी परस्परांशी जुळेनाशा होतात. ‘क्यूईएमयू-आयएमजी’ ह्या साधनाची ‘चेक’ ही आज्ञा त्या तपासते आणि दोन प्रकारचे दोष वेगवेगळे सांगते. एक प्रकार ‘लीक’चा: जागा अडली आहे, पण तिचा उपयोग कोणी करीत नाही; ह्याने सामग्रीस धोका नसतो. दुसरा खऱ्या बिघाडाचा. ह्यांतील भेद न पाहता ‘सर्व काही दुरुस्त कर’ असा आदेश देण्याची प्रवृत्ती असते, आणि तो आदेश सामग्रीकडे पाहत नाही. तो सूचीला सुसंगत करतो, इतकेच. शब्दसूचीच्या कार्डांची पेटी सांडल्यावर जी कार्डे कोठे बसतात हे कळले नाही ती टाकून देऊन अनुक्रमणिका पूर्ण करावी, तशातला हा प्रकार होय.

४

आता ज्या कारणाने सर्वाधिक गोंधळ उडतो, आणि ज्याच्या उकलीला पाठचिकित्सेची दृष्टी खरोखरच उपयोगी पडते, त्या कारणाकडे वळावयाचे. आभासी यंत्रात ‘स्नॅपशॉट’ घेण्याची सोय असते. वापरणाऱ्याला वाटते की ह्याने यंत्राची एक पूर्ण प्रत बाजूला ठेवली गेली. घडते ते ह्याच्या उलट. स्नॅपशॉट घेताच मूळ इमेज गोठविली जाते, आणि त्यानंतरचे सर्व बदल एका नव्या, छोट्या फाइलीत लिहिले जाऊ लागतात. ह्या नव्या फाइलीत संपूर्ण डिस्क नसते. मूळ डिस्कच्या ज्या तुकड्यांत बदल झाला तेवढेच तुकडे असतात. पुन्हा स्नॅपशॉट घेतला की तिसरी फाइल सुरू होते. यंत्राला दिसणारी आजची डिस्क ही ह्या सर्व फाइली क्रमाने एकमेकींवर ठेवून सिद्ध होणारी वस्तू आहे. एकट्या कोणत्याही फाइलीत ती नाही.

ही साखळी म्हणजे वंशवृक्षच आहे, आणि प्रत्येक अपत्याला आपला जनक कोण हे लिहून ठेवावे लागते. व्हीएमवेअरच्या वर्णनपत्रात ही नोंद साध्या अक्षरांत असते. तेथे ‘सीआयडी’ नावाची एक संख्या असते, ती त्या डिस्कची स्वतःची ओळख. आणि ‘पॅरेंटसीआयडी’ नावाची दुसरी, ती जनकाची. जिला जनक नाही अशा मूळ डिस्कच्या वर्णनपत्रात ह्या दुसऱ्या जागी रोमन ‘एफ’ हे अक्षर आठ वेळा लिहिलेले असते. सीआयडीचे वैशिष्ट्य असे की ती कायमची नाही: डिस्क उघडल्यानंतर तिच्यात पहिल्यांदा काही लिहिले गेले की ती बदलते. अर्थात् जनकाची आजची सीआयडी आणि अपत्याने लिहून ठेवलेली जनकाची सीआयडी ह्या जुळल्या नाहीत, तर यंत्र साखळी जोडण्यास नकार देते व ‘अपत्य निर्माण झाल्यानंतर जनक-डिस्कमध्ये बदल झाला आहे’ अशा आशयाचा संदेश देते.

हा नकार पाहून पुष्कळांना उपाय सुचतो तो सोपा आहे: वर्णनपत्र साध्या संपादकात उघडावे, अपत्याच्या नोंदीतील संख्या पुसून जनकाची आजची संख्या लिहावी. यंत्र तत्काळ उघडते. क्यूकाऊ२ च्या साखळीतही ‘रीबेस’ ह्या आज्ञेच्या असुरक्षित प्रकाराने हेच साधते. तो आतील सामग्रीकडे मुळीच न पाहता फक्त जनकाचे नाव बदलतो. परंतु ह्या एकाच उपायाचे दोन अगदी विरुद्ध परिणाम संभवतात, आणि ते ह्यावर अवलंबून असतात की संख्या बदलली कशामुळे.

एक शक्यता अशी की, जनकाची सामग्री जशी होती तशीच आहे, फक्त वर्णनपत्र हरवले होते व कोणी तरी ते नव्याने लिहिले. किंवा फाइलींची नावे बदलली. किंवा त्याच क्षणाची दुसरी नक्कल आणून बसविली. येथे वंश खरा आहे, कागद तेवढा चुकला आहे. संख्या जुळविणे हे ह्या स्थितीत रास्त होय.

दुसरी शक्यता अशी की, स्नॅपशॉटविषयी कल्पना नसलेल्या कोणी मोठी फाइल पाहून तीच सरळ एखाद्या नव्या आभासी यंत्राला लावली आणि सुरू केली. विंडोज केवळ सुरू झाले व बंद केले एवढ्यानेही रजिस्ट्री, नोंदवह्या, तात्पुरत्या फाइली ह्यांत शेकडो ठिकाणी लिहिले जाते. आता जनक हा तो जनक राहिला नाही. अपत्यातील तुकडे ज्या पायावर रचले होते तो पायाच सरकला आहे. अशा स्थितीत संख्या जुळवून साखळी जोडली, तर जे दिसते त्याला पाठचिकित्सेच्या परिभाषेत संमिश्र पाठ म्हणावे लागेल: अर्धा एका परंपरेचा, अर्धा दुसरीचा, आणि दिसावयास मात्र एकसंध. फाइल-व्यवस्थेच्या सूचीचा एक तुकडा अपत्यातून येतो व सांगतो की अमुक जागी शब्दसूची आहे. त्या जागेचा तुकडा जनकातून येतो, आणि जनकाने तेथे मध्यंतरी दुसरेच काही लिहून ठेवलेले असते. फाइल उघडते, तिचे नाव बरोबर असते, आकार बरोबर असतो, आणि मधली चार पाने परकी असतात. त्यातच विंडोज सुरू होताना डिस्क तपासण्याचा प्रस्ताव मांडते, आणि कोणी तो मान्य केला की विसंगत दिसणाऱ्या नोंदी कापून टाकल्या जातात. ह्यानंतर मूळ स्थितीकडे परतण्याचा मार्ग उरत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या कामाचा परिचय असणाऱ्याला दोन परंपरांचे मिश्रण झालेल्या पोथीशी कसे वागावे हे सांगावयास नको. तिच्यावर सरळ विश्वास ठेवावयाचा नाही आणि तिला फेकूनही द्यावयाचे नाही. तिच्यातील प्रत्येक पाठ कोणत्या शाखेतून आला हे पाहावयाचे. डिस्कच्या बाबतीत ही चिकित्सा पोथीपेक्षा सुकर आहे, कारण कोणता तुकडा अपत्यातला व कोणता जनकातला हे निश्चितपणे सांगता येते.

दोन शक्यतांपैकी कोणती खरी हे ठरविण्याची साधने फोल्डरमध्येच असतात. जनक-फाइलीत शेवटचा बदल केव्हा झाला ती तारीख, आणि पहिले अपत्य केव्हा निर्माण झाले ती तारीख, ह्यांची तुलना करावी. जनकाची तारीख मागाहूनची असेल तर दुसरी शक्यता बळावते. नक्कल करताना तारखा बदलतात, म्हणून हे मूळ ठिकाणीच पाहिले पाहिजे. व्हीएमवेअर आपल्या फोल्डरमध्ये ‘लॉग’ ह्या प्रत्ययाची दैनंदिनी ठेवते. यंत्र प्रत्येक वेळी कोणती डिस्क उघडते आणि कोठे ओळख-संख्या जुळल्या नाहीत ह्याच्या नोंदी तीत असतात. बहुतेक लोक ही दैनंदिनी निरुपयोगी समजून पुसून टाकतात. निदानाच्या दृष्टीने फोल्डरमधील तिच्याइतकी मोलाची फाइल दुसरी नाही.

जनक बदलल्याचे सिद्ध झाले तर करावयाचे ते असे. स्नॅपशॉटच्या आधीच्या काळातील जनकाची एखादी जुनी नक्कल कोठे, बाह्य डिस्कवर वा डीव्हीडीवर, आहे काय हे प्रथम शोधावे. ती मिळाली तर साखळी पूर्णपणे सिद्ध होते. न मिळाल्यास नकलेवर संख्या जुळवून साखळी जोडावी, परंतु यंत्र सुरू करू नये. डिस्क केवळ वाचनापुरती दुसऱ्या प्रणालीस लावून आतील फाइली बाहेर काढाव्यात. जनकही एकटा, त्याच पद्धतीने, वाचावा. दोहोंतून आलेल्या एकाच नावाच्या फाइली ताडून पाहिल्या की कोणती सामग्री निःसंदेह आहे आणि कोणती संशयास्पद, हे उघड होते.

वर्णनपत्र अजिबातच हरवले असेल तर ते नव्याने लिहिता येते, आणि ह्यात भीतीचे कारण नाही. फ्लॅट फाइल असेल तर तिच्या आकारास ५१२ ने भागून आलेली संख्या, म्हणजे खंडांची संख्या, वर्णनपत्रात द्यावयाची असते. दोन-दोन गिगाबाइटांच्या तुकड्यांत विभागलेली विरळ इमेज असेल तर प्रत्येक तुकड्याच्या शीर्षात त्याची क्षमता नोंदलेली असते, आणि तुकड्यांच्या नावांतील क्रमांकांवरून क्रम लागतो. जुन्या इमेजमध्ये पूर्ण तुकड्यास बहुधा ४१,९२,२५६ खंड असतात, म्हणजे नेमके २०४७ मेगाबाइट. एखादा तुकडा गहाळ असेल तर त्याचा क्रमांक सुटलेला दिसतो. डिस्कच्या भूमितीविषयीचे आकडे चुकले तर जुनी विंडोज कदाचित सुरू होणार नाही. सामग्री मात्र वाचता येईल.

५

काही कारणे किरकोळ असूनही त्यांच्यापायी दिवस जातात, म्हणून त्यांचा धावता उल्लेख पुरे. यंत्र अकस्मात बंद पडले की व्हीएमवेअरच्या फोल्डरमध्ये ‘एलसीके’ प्रत्ययाचे कुलूप-फोल्डर मागे राहते आणि पुढच्या वेळी ‘फाइल दुसरीकडे वापरात आहे’ असा संदेश येतो. ती खरोखरच दुसरीकडे वापरात नाही, एखाद्या सामायिक डिस्कवरून दुसऱ्या खोलीतील संगणकावर उघडलेली नाही, ह्याची खात्री झाल्यावरच हे फोल्डर काढावे. कुलूप असते ते एकाच डिस्कमध्ये दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून. डीव्हीडीवरून उतरविलेल्या फाइलींवर ‘केवळ वाचन’ हा शिक्का राहिलेला असतो, तो नकलेवर काढला की पुरते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक डिस्कला एक यूयूआयडी असते व तिची यादी प्रोग्राम स्वतःजवळ ठेवतो. फाइलीची साधी नक्कल करून ती जोडू पाहिले तर एकाच ओळखीच्या दोन डिस्क झाल्यामुळे नकार मिळतो. नवी ओळख देण्याची आज्ञा आहे, परंतु त्या डिस्कला स्नॅपशॉटची अपत्ये असतील तर ती आज्ञा वापरू नये. अपत्यांना जनकाची जुनी ओळखच ठाऊक असते.

इमेज संकेतशब्दाने कूटबद्ध केलेली असेल आणि तो संकेतशब्द कोणाजवळही नसेल, तर वरीलपैकी काहीही उपयोगी पडत नाही.

६

इमेज उघडली की तिच्यातून सामग्री बाहेर काढणे आले. संपूर्ण साखळी एकत्र करून तिचे रॉ प्रकारात रूपांतर करावे. ‘क्यूईएमयू-आयएमजी’ची ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा ते करते व मूळ फाइलींना धक्का लावीत नाही. रॉ प्रकार जागा अधिक खातो, पण त्याला शीर्ष नाही, वर्णनपत्र नाही, वंशावळ नाही; म्हणून हरवण्यासारखेही काही नाही. त्याच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या अखेरीस ५५ व एए ही बाइटांची जोडी दिसली की विभाजन-तक्ता जागेवर आहे असे समजावे. विंडोज एक्सपी व तिच्या आधीच्या प्रणालींत पहिला विभाग सामान्यतः ६३ व्या खंडापासून, म्हणजे ३२,२५६ बाइटांनंतर, सुरू होतो. विंडोज व्हिस्टापासून २०४८ व्या खंडापासून. हा आकडा दिला की लिनक्समध्ये तो विभाग केवळ वाचनासाठी जोडता येतो, आणि विंडोज सुरू न करताच फाइली बाहेर येतात.

बाहेर आलेल्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना यंत्र जिवंत ठेवण्याचे प्रयोजन स्पष्ट होते. मूळ मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे १९९१ च्या आयएस १३१९४ ह्या मानकानुसार, टंकित झाला असेल तर प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण तेथे संकेत वर्णाचा असतो, आकाराचा नव्हे. फाँटच्या संकेतनात मात्र रफार हा एक आकार, आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ह्यांतील आडवा र हा दुसरा आकार. दोन्हींचे स्थान निराळे व टंकनाचा क्रमही निराळा, कारण रफार वर्णानंतर टंकित होतो आणि आडवा र वर्णाआधी. हिंदीसाठी सिद्ध केलेल्या रूपांतरकाला हा भेद माहीत असण्याचे कारण नाही. तो दोन्ही आकार एकाच ‘र्’ मध्ये मिसळतो, आणि मग समुद्रवाचक दर्या व दरीचे अनेकवचन दऱ्या, आचार्यास व आचाऱ्यास, ही मराठीतील अर्थभेदक रूपे एकरूप होतात. कोकणातील वा घाटावरील बोलींच्या नोंदीत जेथे उच्चारभेद हाच संशोधनाचा विषय आहे, तेथे एवढ्याने सबंध स्तंभ निरुपयोगी होतो, आणि वाचणाऱ्याला त्याचा संशयही येत नाही.

ह्यासाठी उघडलेल्या यंत्रातून तीन गोष्टी काढून घ्याव्यात. मूळ फाइली, कोणतेही रूपांतर न करता. त्या ज्या फाँटमध्ये आहेत त्या फाँटच्या फाइली. आणि त्या मजकुराची, यंत्राच्या आत, त्याच फाँटमध्ये छापून घेतलेली पाने, कागदावर किंवा पानांच्या चित्रांच्या रूपात. ही तिसरी गोष्ट कंटाळवाणी आहे व बहुधा टाळली जाते. परंतु रूपांतरित मजकुरात एखादी नोंद संशयास्पद वाटली, तर ताडून पाहावयास दुसरा साक्षीदार तोच असतो. तो नसेल, तर सिंधुदुर्गातील एखाद्या निवेदकाने दर्या म्हटले होते की दऱ्या, हे रूपांतरित फाइलीवरून कोणालाही सांगता येत नाही.